राखीव निरोप

लेखिकेला ताप आला तो गुरुवारी, आणि गुरुवार हा ताप येण्याचा वार नव्हता. रविवारच्या पुरवणीचं पान गुरुवारी संध्याकाळी लागायचं, आणि त्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात तिचं सदर असायचं. सदर लहानपणाबद्दल, वाचनाबद्दल, घरच्या माणसांबद्दल. एकूण, ज्याला विषय म्हणता येत नाही अशा विषयांबद्दल. ते चालवण्यासाठी इतक्या वर्षांत तिने सर्दी सोमवारी आणि पाठदुखी मंगळवारी उरकून घेतली होती. नवऱ्याच्या हर्नियाचं ऑपरेशनसुद्धा डॉक्टरांच्या मिनतवाऱ्या करून शुक्रवारवर ढकललं होतं. पण हा ताप कोणाचं ऐकणारा नव्हता. सकाळी आडवी झालेली ती दिवेलागणीला उठली, तेव्हा मोबाइल पार बंद पडला होता आणि पान केव्हाच पुढे गेलं होतं.

तिला फारशी काळजी वाटली नाही. प्रत्येक सदरलेखकाचा एक लेख कचेरीत राखून ठेवलेला असतो. लेखक आजारी पडला, परगावी गेला किंवा नुसताच रुसला, तर तो लावायचा. कचेरीत त्याला 'स्टेपनी' म्हणतात. तिची स्टेपनी जुन्या चपलांवर होती. कोणत्याही महिन्यात चालेल आणि कोणाच्याही लक्षात राहणार नाही, अशी. या आठवड्याला चपला, असं मनाशी म्हणून तिने गोळी घेतली आणि कूस बदलली.

रविवारी सकाळी नवरा पेपर घेऊन पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. तो पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होता आणि कुठल्याही गोष्टीकडे ती बाटलीत भरून आल्यासारखं बघायचा. आज तो बायकोकडे तसं बघत होता.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला. आवाज दुखावलेला होता, चेहरा मात्र उजळलेला.

"काय सांगायचं?"

"थांबणार आहेस ते."

तिने पेपर ओढून घेतला. कोपऱ्यात चपला नव्हत्या. 'आता पुरे' असं शीर्षक होतं, आणि खालची वाक्यं तिचीच होती. आपलाच जुना फोटो अचानक समोर यावा आणि त्यातल्या केशरचनेने लाज आणावी, तसं तिला झालं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका रविवारी तिच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद कापून तिथे गादीची जाहिरात लावली होती. त्या रागात तिने एका बैठकीत निरोपाचा लेख लिहिला आणि धाडून दिला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलं, आता मला फक्त वाचायचं आहे. लहानपणी जमिनीवर पालथी पडून, पाय हवेत हलवत वाचायचे, तसं. घरच्यांना मी फार वापरलं, आता त्यांना त्यांचं आयुष्य परत करते. असं बरंच काही. सकाळी राग उतरल्यावर तिने कचेरीत फोन करून तो लेख फाडून टाकायला सांगितला होता. तेव्हाचा उपसंपादक काटकसरी होता. चांगला मजकूर फाडणं त्याच्या जिवावर आलं. त्याने तो तिच्या स्टेपनीच्या फाइलमध्ये, चपलांच्या वर ठेवला आणि यथावकाश निवृत्त झाला.

आताची उपसंपादक मुलगी नवी होती. तिने फाइल उघडली, वरचा लेख घेतला. फोनवर ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं, तुम्हाला बरं नाही, म्हणून तुम्ही मनाशी ठरवलंच असेल. मुद्रितशोधकांनी वाचला, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांत एरवी काही येत नाही." तिला रागावणं लेखिकेला जमलं नाही. वेळेवर पान लावणाऱ्या माणसावर रागवायची तिला सवयच नव्हती.

सोमवारी ती अंगात कणकण असतानाच संपादकांना भेटायला गेली. संपादक तिच्यापेक्षा वयाने लहान आणि मनाने थकलेले होते. त्यांनी टेबलावरचा संगणक तिच्याकडे वळवला. वाचकांचे निरोप खाली खाली सरकतच होते. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या कुठल्याही लेखाला इतके आले नव्हते. कोणी रडलं होतं, कोणी बायकोला वाचून दाखवलं होतं. एका गृहस्थांनी एकच ओळ लिहिली होती: तुम्ही योग्य वेळी थांबलात. ती ओळ तिने दोनदा वाचली.

"उद्याच खुलासा छापा," ती म्हणाली. "चूक झाली म्हणून."

संपादकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, रविवारी रडलेल्या माणसाला मंगळवारी कसं सांगू, की ते चुकून झालं? तो पुन्हा कधी आपल्या पेपरवर रडेल का?" त्यांचं म्हणणं असं, की महिनाभर दम धरावा. तेवढ्यात त्या जागेवर श्वासोच्छ्वासावर लिहिणारे एक गृहस्थ चालवून घेऊ. मग वाचकांच्या आग्रहाखातर तिने परत यावं. तोपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही. फुटलं, तर पेपरही खोटा पडेल आणि तीही.

"आणि वाचकांनी आग्रह केलाच नाही, तर?"

"तो करून घेऊ," संपादक म्हणाले. "पण महिनाभरात त्या श्वासवाल्यांची सवय झाली लोकांना, तर मात्र माझे हात बांधलेले."

म्हणजे कोपरा हातचा गेलाच होता. परत मिळण्याची फक्त आशा होती. परत येताना रिकाम्या कोपऱ्याचा विचार करून तिला कसंसंच झालं. ती दर गुरुवारी कंटाळायची, दर गुरुवारी हे बंद झालं तर बरं म्हणायची. पण तोंडाने म्हणणं वेगळं. त्या साडेआठशे शब्दांच्या कोपऱ्यात उभं राहूनच ती जगाकडे बघत आली होती. तो नसेल तर उभं कुठे राहायचं, हेच तिला सुचेना.

नवऱ्याला तरी खरं सांगायचं, असं ठरवून ती घरात शिरली. त्याने तिच्यासाठी जमिनीवर गादी घातली होती. शेजारी पुस्तकांची चळत, पाणी आणि हनुवटीखाली घ्यायला उशी. "पालथी पड," तो म्हणाला. पेपरात छापून आलेलं त्याला पूर्ण खरं वाटायचं. ती पालथी पडली. पाय हवेत धरल्याबरोबर पोटऱ्यांत गोळे आले. तिने पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या पानावर हात आपोआप पेन्सिल शोधू लागला. हे वाक्य कुठे वापरता येईल, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. सबंध पुस्तक नुसतं वाचण्यासाठी वाचून किती काळ लोटला, हे तिला आठवेना. लहानपणी पुस्तकात शिरलं की घर नाहीसं व्हायचं. आता पुस्तकच नाहीसं व्हायचं आणि गुरुवार दिसायचा.

नवरा शेजारी बसला, बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, "आता तू लिहीत नाहीस, तर एक सांगून टाकतो. मी तुझे लेख वाचलेले नाहीत."

"एकही?"

"शेवट वाचायचो. फक्त शेवटचा परिच्छेद."

एकदा तिने त्याच्या जुन्या किल्ल्या साठवण्याच्या सवयीवर लिहिलं होतं. कुलूप हरवलेलं असलं, तरी किल्ली टाकवत नाही, असं. तेव्हापासून प्रयोगशाळेत त्याला 'किल्लीवाले' म्हणत. पेपर उघडताना त्याच्या छातीत धडधडायचं. शेवट वाचला की कळायचं, आपण त्यात होतो की नव्हतो. असलो तर त्यातून धड बाहेर पडलो की नाही. मग तो 'शेवट छान झालाय' म्हणायचा आणि दाढीला जायचा. हे सांगून झाल्यावर तो इतका हलका झाला, की जेवताना कधी नव्हे तो बोलतच सुटला. साहेबांची नक्कल, शाळेतला मार, लग्नाआधी तिला भेटायला येताना उसना घातलेला शर्ट. लेखिका घास हातात धरून ऐकत राहिली. इतक्या वर्षांत हा माणूस एवढा विनोदी आहे, हे तिला कळलंच नव्हतं. कळलं असतं, तर छापून आलं असतं. खरं काय ते उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

उद्याचा परवा झाला, कारण वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लिफ्टमध्ये तिच्याबरोबर शिरले. ही घटना होती. रुग्णाचा दात कोरताना ते गुणगुणतात, असं तिने एकदा लिहिल्यापासून ती लिफ्टमध्ये असली की डॉक्टर जिन्याने जायचे. आज त्यांनी स्वतः बटण दाबलं, अभिनंदन केलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझी डावीकडची दाढ किडलीय. दुसऱ्याकडे जायची भीती वाटते हो. कधीपासून उजवीकडनंच खातोय." लिफ्ट केव्हाच थांबली होती, दार उघडून पुन्हा बंद झालं. लेखिकेने नुसती मान हलवली. घरात आल्यावर मात्र तिला हातांवर बसावं लागलं, नाहीतर ते लिहायला धावले असते.

मग रीघच लागली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई आल्या आणि मापं घेताना कोणाची कंबर किती इंच कमी सांगावी लागते, ते सांगून गेल्या. नवऱ्याच्या आत्याबाईंनी परगावाहून फोन करून, त्यांच्या वेळी आधी कोणाला पाहून गेले आणि मग लग्न कोणाशी झालं, याची सगळी कहाणी ऐकवली. प्रत्येकाची सुरुवात तीच: आता तू लिहीत नाहीस ना, म्हणून. लोक आपल्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत, याचं कारण लेखिका इतके दिवस काळ बदलला, माणसं तुटली, असं समजत होती. त्यावर तिने दोन लेखही पाडले होते. कारण ती स्वतःच होती, हे तिला आता गादीवर पालथं पडल्या पडल्या समजलं. आणि समजल्यावर पहिला विचार काय आला, तर याच्यावर लेख होईल.

चौथ्या आठवड्यात दादा आला. हा तिचा थोरला भाऊ. सायकलींचं दुकान मुलाच्या हवाली करून नुकताच मोकळा झालेला. बरोबर वहिनी होती. लहानपणावरच्या सगळ्या लेखांत दादा होता, आणि त्यातला एक तर वाचकांना पाठ होता. दोघं लहान असताना भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून पुस्तकं आणायची. ती जुनी, पानं गळालेली. पुष्कळदा शेवटचं पानच नसायचं. मग दादा तिला शेवट सांगायचा. तो बनवून सांगतो, हे तिला मोठेपणी कळलं, आणि आपण लेखिका झालो त्या बनावट शेवटांमुळे, असं तिने लिहिलं होतं. दादाने त्यावर कधी चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. फक्त येणं कमी केलं होतं.

जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, आता तुम्ही मोकळ्या झालात, तर यांच्या मनात काय आहे ते एकदा ऐकून घ्या. मला सांगून सांगून माझे कान किटले."

दादाने सुपारीसारखं काहीतरी तोंडात घोळवत असल्याचा आव आणला. तोंडात काही नव्हतं. "ती पानं," तो म्हणाला, "गळालेली नव्हती. मी फाडायचो."

"का?"

"तू पुस्तकात शिरलीस की तुला हाक ऐकू यायची नाही. खेळायला कोणी नाही. शेवटचं पान नसलं की मात्र धावत यायचीस, दादा, पुढे काय झालं?" त्याने नसलेली सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "दुकानदार तुझ्यावर संशय घ्यायचा. मी गप्प बसायचो. आता लिहीत नाहीस, म्हणून सांगितलं."

लेखिकेला रडू आलं. आणि रडता रडता तिने पाहिलं, की या लेखाची सुरुवात 'ती पानं गळालेली नव्हती' अशी केली, तर मधे काही करावंच लागणार नाही. त्याच वेळी आतल्या खोलीत फोन वाजला. संपादक होते. श्वासवाल्यांना वाचक कंटाळले होते. तिसऱ्या लेखात त्यांनी पहिलाच लेख पुन्हा, फक्त नाकपुडी बदलून लिहिला होता. उद्याच्या अंकात तिच्या पुनरागमनाची चौकट टाकतोय, गुरुवारी लेख हवा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोपरा परत मिळाला होता. ती बाहेर आली. नवरा दादाला साहेबांची नक्कल करून दाखवत होता, वहिनी हसून हसून डोळे पुसत होती. या घरात असं हसणं तिने ऐकलंच नव्हतं. उद्या सकाळी चौकट आली की हे सगळे पुन्हा जिन्याने जायला लागणार होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: ताप, फाइल, चपला, संपादक, महिना. निरोप मुद्दाम नव्हता, पण गप्प मात्र मुद्दाम राहिले, हेही सांगितलं.

नवऱ्याने साहेबांचा चेहरा हळूहळू उतरवून स्वतःचा लावला. वहिनीने पर्स उचलली. दादा एवढंच म्हणाला, "अच्छा." आणि चपला शोधू लागला.

गुरुवारी सकाळी तिने दादाचा लेख लिहिला. तो तिच्या हातून उतरलेला सर्वांत चांगला लेख होता. एक शब्द खोडावा लागला नाही. दुपारी तिने तो बाजूला ठेवला. कोपरा परत हवा होता, पण या भावात नको होता. लोकांनी जे आपल्याजवळ ठेवायला दिलं, ते विकायचं नाही, इतकं तिने स्वतःशी ठरवलं आणि उरलेल्या वेळात तापावर एक लेख पाडला. अंगात ताप असताना नळाच्या ठिबकण्याचा आवाज कसा मोठा होतो, वगैरे. त्यात माणूस म्हणून कोणी नव्हतंच. वेळेत पाठवला. मुद्रितशोधकांच्या डोळ्यांत काही आलं नाही.

रविवारी नवऱ्याने पेपर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ती चहाचा कप धरून बघत राहिली. तो शेवटाला पोचला, परत वर गेला आणि पुन्हा खाली आला.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच. तुमच्याबद्दल एक अक्षर नाही."

"ते दिसलं," असं म्हणून तो दाढीला गेला. शेवटाबद्दल काही बोलला नाही. दुपारी ती खाली निघाली, तर डॉक्टर जिन्याने उतरत होते. तिने मुद्दाम सांगितलं, की दाढेचं कोणालाही कळलेलं नाही. त्यांनी थंडपणे, "पाहिलं सकाळीच," असं म्हटलं आणि ते उतरत राहिले. शिंपीणबाईंनी तर ब्लाउज अजून झालाच नाही म्हणून निरोप पाठवला.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"लेख पूर्ण छापलाय ना?" त्याने विचारलं. "की पुढच्या पानावर आहे? मी पुरवणी उलटी करून पाहिली. तुझ्या वहिनीने वेगळा अंक आणला, तोही पाहिला."

"दादा, तूच म्हणालास, लिहीत नाहीस म्हणून सांगतो."

"मग काय म्हणायचं होतं? माझ्यावर लिही, असं? बरं दिसलं असतं का?"

"म्हणजे तुला वाटलं होतं, मी परत लिहीन?"

"वाटायचं काय त्यात? लहानपणी मी झाडावरून पडलो, तेव्हा घरात सांगायच्या आधी तू मला विचारलंस, खाली येताना कसं वाटलं. ती तू थांबणार? त्या दिवशी तू उभं राहून सगळं सांगत होतीस, तेव्हा मला वाटलं, चला, या रविवारी नक्की. दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सांगून बसलोय. आणि तू नळावर लिहितेस."

लेखिका खुर्चीत बसली. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं. तिने सांगितलं, की लेख तयार आहे, गुरुवारीच लिहिलाय. वाचून दाखवू का? दादा वाच म्हणाला. तिने वाचला. मधेच पलीकडे त्याने वहिनीला टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून सांगितल्याचं ऐकू आलं. संपल्यावर दादाने घसा साफ केला आणि चांगला झालाय, असं म्हणाला. फक्त दुकानदाराला त्याने थोडी मोठी मिशी सुचवली.

मिशी? लेखिकेची पेन्सिल थांबली. दुकानदार तिला चांगला आठवत होता. त्याचं तोंड गुळगुळीत होतं.

"दादा," ती म्हणाली, "खरं सांग. ती पानं तू खरंच फाडली होतीस?"

पलीकडे दादाने पुन्हा घसा साफ केला.

"आधी छापून तर येऊ दे," दादा म्हणाला. "मग सांगतो पुढे काय झालं ते."